मदत हवी आहे: मानधनासह टीचर रेसिडेन्सी स्वीकारावी की थेट इंटर्न म्हणून वर्ग हाती घ्यावा?

अर्धवर्तुळ:
अमेरिकेतील एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या) टीचर रेसिडेन्सीत माझी निवड झाली असून करारावर सही करण्यासाठी शुक्रवारपर्यंतच मुदत आहे. वर्षभर अनुभवी शिक्षकाच्या वर्गात राहायचे, संध्याकाळी विद्यापीठाचे तास करायचे आणि त्या काळात मानधन मिळणार, एवढेच माहितीपत्रकातून कळते. त्या वर्षात हायस्कूलचा शिक्षक प्रत्यक्षात तयार कसा होतो, याबद्दल त्यात गोड वाक्यांपलीकडे काही नाही. दुसरीकडे एक शाळा मला ऑगस्टपासून इंटर्न म्हणून, म्हणजे प्रशिक्षण चालू असतानाच स्वतःचा वर्ग सांभाळणारा शिक्षक म्हणून, पूर्ण पगारावर घ्यायला तयार आहे. दुसऱ्याच्या वर्गात वर्षभर मागे बसून राहिल्याने खरोखर काही फरक पडतो का? ज्यांना अनुभव आहे त्यांनी स्पष्ट लिहावे. 'मनाचे ऐका' अशी उत्तरे कृपया नकोत.

खडूची_धूळ:
राज्य कोणते, विषय कोणता, पदवी कोठील आणि अमेरिकेत काम करण्याचा आपला परवाना कोणत्या प्रकारचा आहे, यांपैकी काहीही आपण सांगितलेले नाही. क्रेडेन्शियलचे, म्हणजे शिकवण्यासाठी राज्याकडून मिळणाऱ्या मान्यतेचे, नियम प्रत्येक राज्याचे निराळे आहेत, त्यामुळे या माहितीवाचून दिलेले उत्तर अंदाजपंचेच असेल.

पाटीपेन्सिल:
माझे मत विचाराल तर इंटर्न व्हा. मी तोच मार्ग घेतला होता. वर्ग आपला, नियम आपले आणि पगारही पूर्ण. मुलांसमोर एकट्याने उभे राहिल्यावर जे दोन महिन्यांत कळते, ते दुसऱ्याच्या सावलीत वर्षभर काढूनही कळत नाही.

अर्धवर्तुळ:
राज्य कॅलिफोर्निया, विषय भौतिकशास्त्र, एम.एस्सी. भारतातील, एच-४ (जोडीदाराच्या व्हिसावर अवलंबून असलेला) व्हिसा आणि त्यावरील ईएडी, म्हणजे काम करण्याचा परवाना. दोन्ही ठिकाणी माझी कागदपत्रे तपासून झालेली असल्यामुळे हे लिहिण्याची गरज वाटली नव्हती. प्रश्न पात्रतेचा नाही. त्या वर्षात नेमके काय शिकवतात, एवढेच मला विचारायचे आहे.

उंबरठा:
मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते आणि रेसिडेन्सीतील उमेदवारांची मेंटॉर (मार्गदर्शक शिक्षक) म्हणून काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. मागे बसून राहण्याची कल्पना प्रथम मनातून काढून टाका. राज्याच्या अनुदानावर चालणाऱ्या रेसिडेन्सीत उमेदवाराने पूर्ण शैक्षणिक वर्ष, किमान अर्धा वेळ, मेंटॉरसोबत शिकवणे अपेक्षित असते. मेंटॉरकडे क्लिअर (अंतिम टप्प्याचे) क्रेडेन्शियल आणि किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो.

माध्यमिक शाळेच्या वेळापत्रकात एक सोय आपोआप असते, जी माहितीपत्रके लिहिणाऱ्यांच्या बहुधा लक्षातही येत नाही. तोच पाठ दिवसातून तीन-चार वेळा शिकवला जातो. पहिल्या तासाला मी शिकवते आणि उमेदवार मुलांच्या वह्यांत डोकावत फिरतो, तिसऱ्या तासाला तोच पाठ तो घेतो, मोकळ्या तासात आम्ही कुठे गाडी अडली ते पाहतो आणि पाचव्या तासाला तो सुधारलेला पाठ पुन्हा घेतो. अशी संधी इंटर्नलाही मिळते. पण तिसऱ्या आणि पाचव्या तासाच्या मध्ये त्याच्याशी बोलायला कोणी नसते.

भौतिकशास्त्रात याचे मोल अधिक आहे. एम.एस्सी. झालेल्या माणसाला विद्युत परिपथ उत्तम समजतो, परंतु बल्बमध्ये विद्युतप्रवाह 'खर्च' होतो असे मुलांना का वाटते आणि त्यांच्याकडून कोणता प्रयोग करून घेतल्यावर ती समजूत हलते, हे पदवीत कोणी शिकवत नाही. ते वर्गातच, जाणत्या माणसाच्या शेजारी उभे राहून कळते. प्रयोगशाळेतील सुरक्षितता, विशेष गरजा असलेल्या मुलांच्या आयईपी (प्रत्येकासाठी वेगळ्या शिक्षण-आराखड्याच्या) बैठका, पालकांना करायचे अवघड फोन हेही याच वर्षात पाहता येते. वर्गाची अधिकृत जबाबदारी मेंटॉरकडे राहते, पण उमेदवाराकडे आधी एक तुकडी, मग दोन आणि वसंत ऋतूत काही आठवडे सगळ्या तुकड्या सोपवल्या जातात. आणखी एक गोष्ट म्हणजे शाळेचे पहिले दोन आठवडे. वर्गाची शिस्त तेव्हाच बसते, आणि जानेवारीत सरावासाठी येणाऱ्याला ती आयती बसलेलीच दिसते.

पाटीपेन्सिल:
हे सर्व मेंटॉर चांगला असेल तर. वाईट निघाला तर वर्षभर झेरॉक्स काढण्यात जाईल.

उंबरठा:
ते खरे आहे, आणि म्हणूनच मेंटॉर कोण निवडतो, त्याला त्या कामाचे पैसे मिळतात का आणि शिक्षक गैरहजर असताना उमेदवाराला बदली शिक्षक म्हणून इतर वर्गांत पाठवले जाते का, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. पण इंटर्नलाही मार्गदर्शक नेमून दिलेला असतोच. तो स्वतःचे वर्ग सांभाळून कधीतरी येतो, एवढाच फरक आहे, आणि तो लहान नाही.

नीरक्षीर:
अनुभव बाजूला ठेवून पुराव्याकडेही पाहावे. शिकागोत २००१ मध्ये आणि बोस्टनमध्ये २००३ मध्ये अशा रेसिडेन्सी सुरू झाल्या. बोस्टनच्या कार्यक्रमाचा जो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात रेसिडेन्सीतून आलेले शिक्षक पाचव्या वर्षापर्यंत डिस्ट्रिक्टमध्ये टिकून राहण्याचे प्रमाण इतर नव्या शिक्षकांपेक्षा जास्त आढळले.

पाटीपेन्सिल:
त्याच अभ्यासात गणितात हे शिक्षक सुरुवातीला इतर नवशिक्या शिक्षकांपेक्षा मागे होते, हे आपण सोयीस्करपणे वगळलेत.

नीरक्षीर:
वगळले नाही, तिथपर्यंत आलो नव्हतो. सुरुवातीला मागे असलेले हेच शिक्षक वेगाने सुधारून चौथ्या-पाचव्या वर्षी गणितात जुन्या शिक्षकांच्याही पुढे गेले आणि इंग्रजीत मात्र फरक आढळला नाही, असे तो अभ्यास सांगतो. एका शहराचा निष्कर्ष सर्वत्र लागू पडेल असा माझा दावा नाही. परंतु पहिल्याच वर्षी चमत्कार होईल अशा अपेक्षेने कोणी रेसिडेन्सी करू नये, इतके त्यातून नक्की कळते.

तळटीप:
मी तर म्हणेन की आधी तीस दिवसांचे सब्स्टिट्यूट परमिट (एका शिक्षकाच्या जागी जास्तीत जास्त तीस दिवस बदली शिक्षक म्हणून शिकवण्याची परवानगी) काढून वर्षभर वेगवेगळ्या शाळा पाहाव्यात आणि मगच ठरवावे.

अर्धवर्तुळ:
सब्स्टिट्यूटचा विचार नाही. शुक्रवारी सही करायची आहे.

खडूची_धूळ:
मग सहीपूर्वी पैशांची आणि बांधिलकीची कलमे वाचावीत, कारण ईएडीचा प्रश्न तिथे येतो. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये रेसिडेन्सीसाठी ३५ कोटी डॉलरचे अनुदान मंजूर केले. त्या अनुदानाच्या नियमांत आता उमेदवाराला किमान २०,००० डॉलर मानधन देण्याची अट आहे. मात्र त्याच पैशांबरोबर प्रिलिमिनरी (पहिल्या टप्प्याचे) क्रेडेन्शियल मिळाल्यानंतर त्याच डिस्ट्रिक्टमध्ये चार वर्षे शिकवण्याची बांधिलकी येते, आणि ती अर्धवट सोडल्यास उरलेल्या वर्षांच्या प्रमाणात रक्कम परत करावी लागते. आपले ईएडी पतीच्या किंवा पत्नीच्या व्हिसावर अवलंबून आहे. त्यांची नोकरी दुसऱ्या राज्यात गेली किंवा आपल्या नूतनीकरणाला विलंब झाला, तर काय होईल, हे डिस्ट्रिक्टला आताच विचारा. विद्यापीठाचे शुल्क त्या मानधनातून जाते की वेगळे, आणि आरोग्यविमा मिळतो की नाही, हेही विचारा. २०,००० डॉलरमधून शुल्क वजा केल्यावर जे उरते त्यात कॅलिफोर्नियात वर्ष काढणे जोडीदाराच्या पगारावाचून कठीण आहे. इंटर्नचा पगार आपल्याला का खुणावतो आहे, हे मला समजते.

अर्धवर्तुळ:
करार पुन्हा वाचला. चार वर्षांचे कलम आहे, परतफेडीचेही आहे. व्हिसाविषयी एक शब्दही नाही. शुल्क मानधनातून वजा होणार आहे, विमा नाही. मेंटॉर कोण ते जुलैअखेर कळवू असे लिहिले आहे. उंबरठा यांनी सांगितलेले तीन प्रश्न आणि व्हिसाचा प्रश्न मी समन्वयकांना ईमेलने पाठवला आहे.

पाटीपेन्सिल:
इंटर्नच्या कराराचेही एकदा वाचन करा. तिथे किती वेगवेगळे विषय शिकवावे लागणार, हे लिहिलेले असते. माझ्याकडे तीन होते, आणि पहिल्या सहामाहीत रात्रीची झोप त्यांनीच उडवली.

उंबरठा:
मेंटॉरचे नाव आता देता येत नसेल, तरी तो भौतिकशास्त्र शिकवणारा असेल की नाही, एवढे समन्वयकांना सहीपूर्वी सांगता आले पाहिजे. जीवशास्त्राच्या वर्गात पाठवणार असतील तर वर मी जे लिहिले त्यातील निम्मे आपल्याला मिळणार नाही, आणि मग इंटर्नच्या पगाराचा विचार मीदेखील गांभीर्याने केला असता.