पावसाळी कोकण सायकलवारी: ड्राय बॅग कुठली घ्यावी?

मुळशी_पेडल:
जुलैत ताम्हिणी उतरून श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि पुढे बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी घेत गणपतीपुळ्याला जायचंय. मुक्काम घरगुती खोल्यांत, तंबू नाही. माझ्यासमोर ड्राय बॅग (पाणी आत न येऊ देणारी, तोंड गुंडाळून बंद करायची पिशवी) म्हणून २० लिटरची जाड पीव्हीसी बॅग, पातळ नायलॉनची हलकी बॅग आणि ऑर्टलीब कंपनीचे रोल-टॉप पॅनिअर (कॅरिअरच्या बाजूंना लटकवायच्या, तोंड गुंडाळायच्या पिशव्या) आहेत. पॅनिअर खिशाला जड जातायत. काय करू?

वाशिष्ठीकाठची:
पातळ बॅग बाहेर बांधायची नाही, हे आधी ठरवा. कॅरिअरच्या सळईवर ती घासत राहते आणि बारीकसं भोक पडलं तरी रात्री कपडे ओले निघेपर्यंत कळत नाही. पॅनिअरच्या आत मात्र तिला तोड नाही. एकीत कपडे, दुसरीत चार्जर आणि औषधं.

एकच बॅग घ्यायची तर जाड पीव्हीसीच घ्या. वजन आणि ताठपणा सोसावा लागेल, पण घासण्याला ती दाद देत नाही. दुकानात आतून उलटी करून सांधे बघा. वेल्डिंग हवं, सुईची भोकं दिसली तर सगळी मदार आतल्या टेपवर. घरी आणल्यावर हवा भरून तोंड गुंडाळा आणि बादलीत दाबा. कुठून बुडबुडे येतात ते लगेच दिसतं.

२० लिटर म्हणजे २० लिटर सामान नव्हे हो! तोंडाच्या तीन-चार घड्या बसल्याच पाहिजेत, नाहीतर नुसतं बकल लावून काय उपयोग? आधी हवा काढा, ओठ सपाट जुळवा, मग गुंडाळा.

ऑर्टलीबच्या रोल-टॉप पॅनिअरना आयपी ६४ हे धूळ-पाणी अडवण्याचं रेटिंग असतं, म्हणजे चहूबाजूंनी उडणारं पाणी अडतं. बुडवून ठेवण्याची हमी त्यात नाही. आपल्या पावसाला तेवढं पुष्कळ झालं. खरा ताप मागच्या चाकाने उडवलेल्या लाल चिखलाचा. त्यामुळे पैसे मोजकेच असतील तर आधी लांब मडगार्ड बसवा.

आणि बंजीवर (हुकवाल्या लवचिक दोरीवर) विसंबू नका, खड्ड्यात बॅग उडते. बकलवाले पट्टे वापरा.

गोणीवाला:
माझं मत वेगळं. साधे पॅनिअर घ्या आणि आत खताच्या गोणीतली जाड प्लास्टिकची पिशवी, धुऊन. तोंड पिळून दुमडा, वर रबर. बाहेरचं फडकं भिजेना का! फाटली तर पुढच्या गावात दुसरी मिळते.

वाशिष्ठीकाठची:
पिशवीला ना नाही, पण भिजलेलं कापड चढावर उगाच वजन वाढवतं. हर्णै-आंजर्ले भागात ते मांड्यांना कळेल.

मुळशी_पेडल:
मग जाड पीव्हीसी, आणि आत गोणीची पिशवी. पण ताई, ओले कपडे कुठे ठेवू?

वाशिष्ठीकाठची:
ड्राय बॅगेत अजिबात नको. ती पाणी आत येऊ देत नाही तशी आतली दमट हवाही सोडत नाही. संध्याकाळी उघडाल तेव्हा सगळ्याच कपड्यांना कुबट वास. जाळीच्या पिशवीत घालून वर पट्ट्याखाली अडकवा. आणि फेरीबोटीवर खारं पाणी उडालं असेल तर मुक्कामी बकलांवर तांब्याभर गोडं पाणी ओता.