मदत हवी आहे: मार्क झाल्यावर पुढे काय वाचावं? आणि काकांना कसं आवरावं?

नमस्कार मंडळी. नाशिकच्या शरणपूर रोडला मित्राच्या घरी आम्ही काही जण रविवारी संध्याकाळी बायबल वाचतो. निम्मे चर्चला जाणारे, बाकीचे नुसते उत्सुक, एक वारकरी घरातला (सगळ्यात भारी प्रश्न त्याचेच). मार्ककृत शुभवर्तमान घेतलं, कारण येशूची गोष्ट सांगणाऱ्या बायबलमधल्या चार शुभवर्तमानांत ते सगळ्यात छोटं, १६ अध्याय.

नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, विश्वास आहे माझा, पण कमी पडतोय, तिथे मदत करा. पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या. एक मैत्रीण म्हणाली, "आई गेल्यापासून माझं असंच झालंय." लगेच आमच्यातल्या एका काकांनी समजवायला घेतलं. प्रवचनच! ती गप्प झाली ती झालीच.

काका मनाने चांगले, घरच्यासारखे. त्यांना न दुखवता सगळ्यांना बोलायची संधी कशी द्यायची? तुमच्या गटात काय करता?

पुढे ईयोब (बायबलमधलंच, सगळं गमावून बसलेल्या माणसाचं पुस्तक) घ्यावं असं मला वाटतं. त्याचे मित्र सात दिवस नुसते जवळ बसतात तोवर ठीक, बोलायला लागले की घोळ. काकांनी वाचायलाच हवं! पण ४२ अध्याय नव्या लोकांना झेपतील का? की आधी बायबलमधलंच याकोबाचं पत्र घ्यावं, पाचच अध्याय आहेत?

आणि हो, वारकरी मित्राला सुरुवातीला ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग म्हणायचेत. चाली येणारं नाशकात कुणी आहे का?