प्रवेश शुल्क भरून 'राष्ट्रीय' गायक?

तापीकाठचा: "मिळेल त्या स्पर्धेत उतरा, प्रमाणपत्रं जमवा, संधी आपोआप येतील." कालची ही पोस्ट वाचून डोकं फिरलं. माझी पुतणी अशाच एका 'राष्ट्रीय' ऑनलाइन स्पर्धेत पहिली आली. शुल्क ७०० रुपये, ट्रॉफीच्या कुरिअरचे वेगळे. निकाल उघडला तर तिच्या गटात पहिल्या नंबरांची अख्खी रांग! परीक्षक कोण, पत्ता नाही. त्यापेक्षा केंद्राची युवा कलाकार शिष्यवृत्ती बघा की. वय १८ ते २५, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. गुरूकडे पाच वर्षं तालीम झालेली हवी. आपल्याकडची किती पोरं अर्ज भरतात?

भुसावळ_लोको: रेल्वे भरतीत कलाकारांसाठी सांस्कृतिक कोटा असतो. त्यात लेखीला ५०, प्रत्यक्ष कलेला ३५ आणि बक्षिसं-प्रमाणपत्रांना १५ गुण. तुमच्या तत्त्वांना शून्य.

तापीकाठचा: त्या १५ गुणांत हा कुरिअरवाला कागद धरतात का, ते आधी जाहिरातीत वाचा.

बँडवाला_पारोळा: कोटा सोडा, लग्नसराईत आमच्याकडे या. क्लॅरिनेटवाला शोधून सापडत नाही. विशारद झालेलं पोरगं वरातीत वाजवायला लाजतं आणि घरी बसून 'संधी नाही' म्हणतं.

कीबोर्ड_चाळीसगाव: लाजणार नाही तर काय? दारू प्यालेला पाहुणा तोंडासमोर नोट नाचवतो, "अहिराणी वाजव रे!" मी वाजवलंय. जेवण पंगत उठल्यावर, तेही गार. निम्मे पैसे मालकानं पुढच्या सुपारीपर्यंत अडकवले.

बँडवाला_पारोळा: मालक सगळे चोरच का? बयाना देऊन पार्टी ऐनवेळी डीजे आणते, तेव्हा माझ्या माणसांचा रोज कोण देतं? बोलाले काय जास तुमनं!

कीबोर्ड_चाळीसगाव: बरं, डीजेनं तुम्हाला मारलं, मान्य. माझे पैसे डीजेनं नव्हते अडकवले.

अमळनेरची_सून: झालं भांडून? माझे सासरे जन्मभर वही, म्हणजे आपलं खानदेशी लोकगायन, गायले. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनाचा अर्ज भरला तर कार्यक्रमांचे पुरावे मागितले. पारावर रात्रभर गाणाऱ्याची कात्रणं कोण छापतं? शेवटी सरपंचाच्या पत्रासाठी चपला झिजवल्या. तेव्हा कागदाला नावं ठेवणाऱ्यांनी जरा दमानं.

तापीकाठचा: ताई, कागद लागतो, कबूल. ७०० रुपयांत विकत घेतलेला नको, एवढंच म्हणतोय. आकाशवाणीची ऑडिशन द्या, बी ग्रेड मिळाली तरी कुणीतरी कान देऊन ऐकल्याची खूण असते.

भुसावळ_लोको: मग जळगाव केंद्राची ऑडिशन कधी, अर्ज कुठे, ते टाका ना इथे. भाषणं आम्हीपण ठोकतो.