मदत हवी: पायाचं ऑपरेशन, प्लेट की रिंग? (नागपूर)

इतवारीवाला
नमस्कार मंडळी. पाय सरळ करायचं ऑपरेशन करायचं आहे. दोन डॉक्टरांना दाखवलं. धंतोलीतले म्हणतात हाड कापून प्लेट टाकू, दीड-दोन महिन्यांत दुकानात बसाल. रामदासपेठेतले म्हणतात प्लेटनं भागणार नाही, रिंग (पायाभोवती बाहेरून लोखंडी कडी, पिनांनी हाडाला पकडलेली) लावावी लागेल, सहा-आठ महिने धरा. एकाच पायाबद्दल एवढा फरक काऊन? पुढच्या आठवड्यात एकाला तारीख द्यायची आहे. ज्यांनी करून घेतलं त्यांनी सांगा. आणि हिंमत ठेवा वगैरे लिहू नका, हिंमत आहे. माहिती पाहिजे.

संत्राबर्फी
वय? कोणता पाय? वाकडा म्हणजे आत की बाहेर? जन्मापासून की नंतर? एवढं तरी लिहा भाऊ.

जुनाजाणता
गुडघा बदलून टाका, कटकट मिटते. माझ्या साडूनं दोन्ही बदलले, आता रोज फुटाळ्यावर फिरायला जातो.

इतवारीवाला
वय ३६. उजवा पाय, गुडघ्याखाली बाहेर वाकलेला. लहानपणी झाडावरून पडलो होतो, त्यानंतर वाढता वाढता वाकत गेला. आता गुडघा आतल्या बाजूनं दुखून राहिला, आणि माझं काम दिवसभर उभं राहायचं. आता सांगा.

फिजिओताई
जुनाजाणता काका, साडूंचं वय काय? छत्तिसाव्या वर्षी शक्यतो कोणी गुडघा बदलत नाही. कृत्रिम सांधा कधीतरी झिजतो, मग दुसऱ्यांदा बदला, आणि ते काम पहिल्यापेक्षा अवघड.
इतवारीवाला, पाय बाहेर वाकला की अंगाचं वजन गुडघ्याच्या आतल्या कप्प्यावर येतं आणि तिथली कूर्चा आधी झिजते. म्हणून नडगीचं हाड गुडघ्याच्या खाली कापून थोडं उघडायचं, वजनाची रेघ मध्ये आणायची आणि प्लेट-स्क्रूनं धरून ठेवायचं. धंतोलीतले बहुतेक हेच म्हणत असणार. तुमचे एक्सरे कोणते काढलेत?

जुनाजाणता
साडू ६८.

पुणेरी_गुडघा
मी हेच केलं आहे, प्लेटवालं. सुरुवातीचे सहा आठवडे कुबड्या, पायावर अर्धवटच भार. तीन महिन्यांत ऑफिस, नंतर पर्वतीसुद्धा चढलो. रिंग हे जुनाट तंत्र आहे, पायाला पिंजरा लावून फिरायचं. दुसरे डॉक्टर उगाच घाबरवत आहेत. सरळ पहिल्यांना तारीख द्या.

रिंगमास्तर
पुणेरी, तुमचा पाय वेगळा, त्यांचा वेगळा. मी तो ‘पिंजरा’ सात-आठ महिने वागवला आहे, म्हणून बोलतो. अपघातात नडगी तुटली, वाकडी जुळली, जंतुसंसर्ग झाला. माझ्या हाडात प्लेट टाकणं म्हणजे पुन्हा पू. रिंगनं पाय वाचला. जुनाट काय त्यात?

पुणेरी_गुडघा
तुमच्याकडे जंतुसंसर्ग होता. त्यांच्याकडे नाही.

रिंगमास्तर
आहे की नाही हे त्यांनी लिहिलंय कुठे? तुम्ही तर तारीख देऊन मोकळे झालात.

इतवारीवाला
पू वगैरे काही नाही, तेव्हा नुसतं प्लास्टर होतं. एक्सरे: धंतोलीत गुडघ्याचे दोन. रामदासपेठेत उभं करून कमरेपासून घोट्यापर्यंत लांब एक काढला, दोन्ही पाय एकत्र. हजार-बाराशे घेतले त्याचे. कशाला लागतो तो?

फिजिओताई
तोच तर लागतो. स्कॅनोग्राम म्हणतात त्याला. खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेघ ओढायची आणि ती गुडघ्यातून कुठून जाते ते बघायचं. नुसत्या गुडघ्याच्या एक्सरेवर एवढा निर्णय होत नाही. आणि त्यात लांबीही मोजता येते. तुमचे दोन्ही पाय लांबीला सारखे आहेत का?

इतवारीवाला
नाही ना, ते तर आहेच. उजवा आखूड आहे. शाळेत होतो तेव्हापासून चांभाराकडून चपलेला सोल चढवून घेतो, सव्वा इंचाचा. धंतोलीत चपला बाहेर काढायला लावतात आणि आत टेबलावर झोपवून पाहिलं. त्यांनी विचारलं नाही.

संत्राबर्फी
बाप्पा! हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं राजेहो.

फिजिओताई
मग फरक का पडला ते कळलं. सव्वा इंच म्हणजे तीन सेंटीमीटरच्या वर. लहानपणी वाढीच्या पट्टीला (हाडाच्या टोकाशी जिथून हाड लांब होतं तो भाग) मार लागला असेल, तर तिची एक बाजू थांबते आणि दुसरी वाढत राहते. म्हणून पाय वाकतोही आणि आखूडही राहतो. प्लेटनं वाकडेपणा जाईल, पण लांबी मिळून मिळून काही मिलिमीटर. तीन सेंटीमीटर एका झटक्यात ताणले तर नस सहन करणार नाही. हळूहळूच ताणावं लागतं. सोल घालूनच पुढे राहायचं असेल तर प्लेटचा विचार होऊ शकतो. पण त्या डॉक्टरांना लांबीचं माहीत असायला हवं. चप्पल हातात घेऊन आत जा.

पुणेरी_गुडघा
ठीक आहे, हे माहीत असतं तर मी वेगळं लिहिलं असतं. तरी आतून लांबणारी रॉडही निघाली आहे, बाहेर काही दिसत नाही. विचारून बघा.

रिंगमास्तर
विचारा, आणि किंमत ऐकून खुर्ची धरून बसा.
आता काम कसं चालतं ते सांगतो. हाड कापल्यावर आठवडा-दहा दिवस काहीच करत नाहीत. मग दिवसाला एक मिलिमीटर, तोही चार हप्त्यांत, दर सहा तासांनी पाव. रिंगच्या सळ्यांवर चौकोनी नट असतात, बाजूंवर ठिपके कोरलेले. एक बाजू फिरवली की पाव मिलिमीटर. पाय वाकडाही आहे, त्यामुळे सगळे नट सारखे फिरत नाहीत, तक्ता लिहून देतात. रात्री बाराचा हप्ता बायकोकडे होता, मी झोपेत चुकीच्या बाजूला फिरवला असता. तीन सेंटीमीटरला ताणायचा काळ महिनाभरच. खरा वेळ पुढचा, मधलं नवं हाड टणक होईपर्यंत रिंग काढत नाहीत. मोठ्या माणसाला सेंटीमीटरमागे दीड महिना तरी धरा, जास्तही लागतो. पण चालायला लावतात, अगदी लवकर. खाटेवर पडून राहायचं नसतं.

कुर्गानप्रेमी
या रिंगचा जनक गावरिल इलिझारोव्ह, सायबेरियातल्या कुर्गानचा डॉक्टर. १९५० च्या दशकात त्यानं हे सुरू केलं. बाहेरच्या जगाला फार उशिरा कळलं. इटलीचा गिर्यारोहक कार्लो माउरी १९८० मध्ये तिथे पाय दाखवायला गेला. हा नॉर्वेच्या थॉर हेयरडाल या दर्यावर्दी संशोधकाबरोबर ‘रा’ या पपायरसच्या (लव्हाळ्यासारख्या गवताच्या) होडीवर होता. इटलीतले डॉक्टर त्याचा बरा झालेला पाय पाहून चाट पडले आणि १९८१ मध्ये त्यांनी इलिझारोव्हला बोलावलं. हेयरडालच्या होड्यांवर वेगळा धागा काढू का?

संत्राबर्फी
काढा. वेगळाच काढा.

वैदूभक्त
आमच्या गावाकडे हाड बसवणारे आहेत. तेल लावून पट्टी बांधतात, कापाकापी नाही.

फिजिओताई
तीसेक वर्षांपूर्वी जुळलेलं हाड तेलानं सरळ होत नाही. असलं इथे सुचवू नका, कोणी खरंच जाईल.

विमावाला
पैशांचं कोणीच विचारलं नाही. पॉलिसी आहे का? आधीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा (पॉलिसी घेतल्यावर त्याचा खर्च मिळेपर्यंत थांबायचा काळ) २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने आहे, आधी ४८ होती. फॉर्ममध्ये पायाचं लिहिलं होतं का ते बघा. जन्मजात बाह्य व्यंग आणि सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया बहुतेक पॉलिसींत बसत नाही, आणि ‘पायाची लांबी वाढवणे’ वाचलं की कंपनीला उंची वाढवणं वाटतं. डॉक्टरांकडून ‘बालपणीच्या दुखापतीमुळे आलेला वाकडेपणा, गुडघ्याची झीज’ असं खरं कारण स्पष्ट लिहून घ्या आणि कॅशलेसची मंजुरी आधी मागा. पॉलिसी नसेल तर महात्मा फुले योजनेत बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

इतवारीवाला
पॉलिसी आहे, चार वर्षं झाली. पायाचं लिहिलं होतं, एजंट नको म्हणत होता तरी लिहिलं.

विमावाला
शाब्बास. एजंटला मिठाई देऊ नका.

रिंगमास्तर
तंबाखू-सुपारीचा खर्रा खाता का?

इतवारीवाला
कधी कधी. त्याचा काय संबंध?

रिंगमास्तर
नागपुरात कधी कधी म्हणजे दुकान उघडताना एक आणि बंद करताना एक.

फिजिओताई
संबंध आहे. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, नवं हाड भरायला उशीर होतो. सिगारेट असो की खर्रा. आजपासून बंद करा, आणि डॉक्टरांना खरं सांगा. ड जीवनसत्त्व तपासून घ्या.
अजून एक. नडगी ताणताना मागची पोटरी घट्ट होते आणि टाच वर उचलली जाते. पावलाला पट्टा बांधून ते वर ओढून ठेवायचं, गुडघा सरळ ठेवायचा, फिजिओ चुकवायचा नाही. अंगठा वर उचलता येईनासा झाला किंवा पावलाला बधिरपणा आला तर थांबू नका, लगेच फोन करा.

जुनाजाणता
उन्हाळ्यात करू नका. मे महिन्यात पंचेचाळीसमध्ये ते लोखंड कसं सोसणार?

रिंगमास्तर
मी एप्रिलपासून काढले. कूलरसमोर पाय ठेवून बसलो. त्रास गरमीचा कमी, पिनांच्या भोवती घामाचा जास्त. सलाईनमध्ये गॉज बुडवून प्रत्येक पिन वेगळ्या गॉजनं पुसायची. तिथे लाली, ठणका किंवा पाणी दिसलं तर दाखवायचं, वाट पाहायची नाही. पायजम्याची एक बाजू उसवून नाड्या लावून घेतल्या. घरात लुंगी.

इतवारीवाला
ठीक. सोमवारी लांब एक्सरे आणि चप्पल घेऊन धंतोलीत पुन्हा जातो. दोघांचं एकच आलं तर रिंग. आता खरी अडचण सांगतो: घर महालात, तिसऱ्या माळ्यावर, लिफ्ट नाही, आणि संडास देशी.

संत्राबर्फी
हेही आत्ता सांगून राहिले!

फिजिओताई
रिंग असताना उकिडवं बसता येणार नाही. कमोड खुर्ची लागेल, मेडिकल चौकाकडे सर्जिकलच्या दुकानांत विचारा, भाड्यानंही देतात. जिने कुबड्यांनी शिकवू, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. पण पहिला महिनाभर तळमजल्यावर कोणाकडे सोय होते का बघा, ड्रेसिंग आणि एक्सरेला सारखं उतरावं लागेल.

इतवारीवाला
सासरवाडी नंदनवनला आहे, तळमजला, वेस्टर्न.

जुनाजाणता
मग प्रश्नच मिटला. साडूही सासरीच राहिला होता.

रिंगमास्तर
सासऱ्यांना रात्री बाराच्या नटाचं आधीच सांगून ठेवा.