दोन दिवसांच्या उशिराला ८८५ रुपये दंड, परत मिळतील का?

तांब्याचीतार (सांगली):
विश्रामबागला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. तार क्रेडिट कार्डावर घेतो, गिऱ्हाईक पैसे देईल तसं बिल भागवतो. या खेपेला बिल १८,४६०, शेवटची तारीख १२. त्या दिवशी तासगावकडं एका द्राक्षबागेतली सबमर्सिबल जळाली, दिवसभर तिकडंच. रात्री अकराला एका ॲपवरून पूर्ण रक्कम भरली, तिथं 'सक्सेसफुल' आलं. कार्डावर जमा झाली १४ ला. नव्या बिलात लेट फी ७५० आणि जीएसटी १३५. व्याज वेगळंच. फोनवरची बाई एकच वाक्य म्हणते, "सर, सिस्टिमनं लावलंय." ८८५ म्हणजे एक बारकी मोटर बांधून उरणारी मजुरी की हो!

निवृत्त_काउंटर (सातारा):
कार्ड विभागात नव्हतो, पण बँकेत जन्म गेला. रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा कार्डांचा नियम आहे. ड्यू डेटनंतर (भरायच्या शेवटच्या तारखेनंतर) तीन दिवसांपेक्षा जास्त थकलं तरच लेट फी लावता येते, सिबिलला (कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीला) थकबाकी कळवायचीही तेव्हाच. तुमची १२, जमा १४. म्हणजे तुम्ही मुदतीतच आहात, ॲपवाल्याशी भांडत बसू नका. फोन सोडा, मेल करा: बिलाची प्रत, ॲपची पावती, कार्डावर जमा झाल्याची नोंद आणि 'लेट फी व त्यावरचा जीएसटी रिव्हर्स करा' एवढंच. शिव्या नकोत, तक्रार क्रमांक मात्र मागून घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर तिच्याच लोकपालाकडं जा. फी नाही, वकील नाही.
पण व्याजाला हे तीन दिवस लागू आहेत असं समजू नका. आणि चौथा दिवस उजाडला की उशीर मूळ तारखेपासून मोजतात, तेव्हा 'तीन दिवस आहेतच' म्हणून रेंगाळू नये.

कृष्णाकाठ:
काका बरोबर. माझं उलटं झालं होतं. बिल २०,०००, मागची थकबाकी धरून किमान भरायची रक्कमही जवळपास तेवढीच. वेळेत १७,००० भरले, उरलेले विसरलो. लेट फी रकमेच्या टप्प्यानुसार असते, ती लावली पूर्ण वीस हजारांच्या टप्प्याची! रिझर्व्ह बँकेच्या नियमात स्पष्ट लिहिलंय, ड्यू डेटनंतर जे बाकी आहे त्यावरच आकारायचं. तो परिच्छेद चिकटवून मेल टाकला, फरक परत आला. आणि भावा, बिलाची तारीखच बदलून घे. निदान एकदा तरी ती मुभा द्यावीच लागते.

निवृत्त_काउंटर:
ऑटो डेबिट लावणार असाल तर आधी बघा, 'मिनिमम' (किमान रक्कम) निवडलंय की 'टोटल' (पूर्ण बिल). मिनिमम भरलं की लेट फी टळते, व्याज चालूच राहतं. काउंटरवर लोक हेच सांगत रडायचे.

तांब्याचीतार:
काका, नवव्या दिवशी ८८५ रिव्हर्स झाले. सोबत लिहिलंय 'सदिच्छा म्हणून', म्हणजे चूक कबूल नाहीच. व्याजाचे ५९० गेले, ते माझ्याच खाती. बिलाची तारीख बदलून घेतली, आता ड्यू येते २४ ला. बागाईतदार पैसे कधी देतो त्याची तारीख कुठं बदलून मिळते तेवढं कुणीतरी सांगा.