मदत हवी आहे : घरच्या संगणकावर बॉइंक सुरू करताना

नमस्कार. नाशिकला सिडकोत राहतो. घरचा डेस्कटॉप बराच वेळ नुसताच चालू असतो, म्हणून त्याची गणनक्षमता बर्कली विद्यापीठात विकसित झालेल्या बॉइंक या प्रणालीमार्फत संशोधनाला द्यावी, असा विचार आहे. सेटी अ‍ॅट होम या परग्रहांवरच्या बुद्धिमान जीवांचे संकेत शोधणाऱ्या, बॉइंकवरच्याच प्रकल्पाने 2020 मध्ये नवे काम पाठवणे थांबवले. तेव्हा 8 जीबी रॅमवर पल्सार (ठरावीक लयीत स्पंद सोडणारे तारे) शोधणारा आइन्स्टाइन अ‍ॅट होम घ्यावा, की प्रथिनांच्या रचनेवरचा रोझेटा?

खरी काळजी उन्हाळ्याची आहे. एप्रिलात आमची गच्चीखालची खोली दुपारी भट्टीसारखी तापते आणि कॅबिनेटचा पंखा आत्ताच घरघरतो; अशा वेळी सेटिंगमध्ये कोअरची संख्या कमी करावी, की प्रोसेसरच्या वेळेची टक्केवारी? वीज अचानक गेल्यास काम शेवटच्या चेकपॉइंटपासून (जतन झालेल्या टप्प्यापासून) पुढे सुरू होते का? वीजबिलात किती भर पडते, हेही अनुभवींनी कृपया सांगावे (घरात पहिला प्रश्न तोच येणार).