ट्रेकमध्ये दिसलेली अळंबी खायला तोडू नये, आणि फोटो टाकून ‘खातात का?’ असं विचारूही नये

पाऊसवाट:
गेल्या रविवारी मुळशीकडे ट्रेक होता. उतरताना गायरानात पांढऱ्या अळंब्या दिसल्या. ताटलीएवढी छत्री, मध्यभागी तपकिरी खवले, दांड्यावर वर-खाली सरकणारं कडं. एकाने फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. दहा मिनिटांत चार जणांनी ‘आमच्याकडे खातात, बिनधास्त घ्या’ असं कळवलं. फोटोवरून ओळखणाऱ्या अ‍ॅपनेही एका खाण्याजोग्या जातीचं नाव दिलं. मुक्कामी बटरवर परतून दोघांनी आठच्या सुमारास खाल्ल्या. दहाला उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. पहाटे गाडी मिळाली, सलाइन लागलं, आता दोघं ठीक आहेत.

एक अळंबी माझ्या सॅकमध्ये राहिली होती. घरी आल्यावर दांडा कापला, छत्री कागदावर पालथी ठेवली आणि वर स्टीलचा वाडगा झाकला. सकाळी कागदावर गळलेल्या बीजाणूंचा (अळंबीच्या बियांसारखी बारीक पूड) शेवाळल्या भिंतीसारखा मळकट हिरवा ठसा. ही विषारी क्लोरोफायलम मोलिब्डायटिस. कोवळी असताना तिच्या छत्रीखालच्या पात्या पांढऱ्याच असतात, हिरवट झाक बीजाणू पिकल्यावर येते. म्हणजे ज्या गोष्टीवरून ती ओळखता आली असती ती त्या फोटोत नव्हतीच.

माझं मत स्पष्ट आहे. ट्रेक ग्रुपच्या नियमांत ‘प्लास्टिक टाकू नये’च्या शेजारी ‘अळंबी तोडू नये’ हे यायला हवं. आणि फोटोवरून खाण्याचा सल्ला देणाऱ्यांनी हात आवरावा. चुकलं तर भोगतो तो दुसराच.

तळकोकण:
तुमच्या मित्रांना त्रास झाला याचं वाईट वाटलं, पण सरसकट बंदी पटली नाही. आम्ही आषाढ-श्रावणात अळंबी खाऊनच मोठे झालो. माझी आई सत्तरीची आहे. पाऊस पडून मध्येच कडक ऊन आलं, ढग गडगडले, की दुसऱ्या दिवशी पहाटे ती परडी घेऊन निघते. कुठल्या वारुळावर येणार ते तिला ठाऊक असतं. टोकदार छत्री, आणि दांडा जमिनीत हातभर खोल गेलेला. लहानपणी मी एकदा भलतंच काही आणलं होतं. हातात न घेता लांबूनच म्हणाली, “ह्यां आपलां न्हय, टाक.” ही विद्या शेकडो वर्षांची आहे. शहरातल्या दोघांनी गायरानातलं उचलून खाल्लं म्हणून तिच्यावर काट मारायची?

डोंगरधार:
तळकोकणशी अर्धा सहमत. बंदीने कोणी शिकत नाही. मी चार पावसाळे फोटो काढतोय. पण लोक छत्रीचा वरून एकच फोटो काढतात आणि नाव विचारतात, तिथेच घोळ होतो. खालच्या पात्या हव्यात, दांड्यावरचं कडं हवं, बुडाची माती हलकेच बाजूला करून तिथे पिशवीसारखं काही आहे का ते दिसायला हवं. शिवाय आजूबाजूला काय आहे: वारूळ, सडकं लाकूड, शेण की नुसतं गवत. एवढं करूनही मी फार तर कुळापर्यंत पोहोचतो. खाल्लं मात्र एकदाही नाही. ‘विचारूही नये’ हे म्हणूनच खटकलं. विचारावं, फक्त पोटासाठी विचारू नये.

रात्रपाळी:
मी डॉक्टर आहे, लहान गावात काम करते. दोन तासांत उलट्या झाल्या हे पाऊसवाट यांच्या मित्रांचं नशीब. अमॅनिटा फॅलॉइडिस आणि तिच्यासारखं विष असलेल्या अळंब्यांत सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त, काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब. मग एखादा दिवस बरं वाटतं, माणूस घरी जातो, आणि आतून यकृत नासत असतं. हे विष शिजवून, उकळून, वाळवून जात नाही. ते काही छोट्या, क्षुल्लक दिसणाऱ्या तपकिरी अळंब्यांतही असतं. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानटी अळंबी खाऊन तेरा माणसं गेली, बहुतेक चहामळ्यांतली. तीही ‘वर्षानुवर्षं खातो’ म्हणणारीच माणसं होती.

हात जोडून सांगते: चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण निळा होतो, किडे खातात म्हणजे चांगली, यातलं काहीही खरं नाही. कोणी खाल्लीच तर मिठाचं पाणी पाजत बसू नका. उरलेली अळंबी कागदात गुंडाळा (प्लास्टिकमध्ये सडते), किती वाजता खाल्ली ते लिहून घ्या आणि दवाखान्यात निघा. उलट्या थांबल्या म्हणून परत फिरू नका.

झाडीपट्टी:
आमच्या गडचिरोलीकडे सात्या म्हणतात. पावसाळ्यात बाया रस्त्याकडेला पानांवर मांडून विकतात, त्या महिन्याचा किराणा त्यावर निघतो. असे धागे वाचून उद्या गिऱ्हाईक गाडी थांबवणार नाही, ही मला भीती आहे. नियम ट्रेकरसाठी करा, पण ‘रानटी अळंबी म्हणजे विष’ असं लिहू नका. अभयारण्यातून परवानगीशिवाय काही तोडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तसंही मना आहे. वनहक्क कायद्याने गौण वनोपजाचा (लाकूड सोडून जंगलातल्या इतर उत्पन्नाचा) जो हक्क दिला, तो पिढ्यानपिढ्या जंगलात राहणाऱ्यांसाठी. शनिवारी येऊन रविवारी जाणाऱ्याला तो लागू होत नाही.

पाऊसवाट:
झाडीपट्टी, मान्य. शीर्षकात ‘ट्रेकमध्ये’ आहे ते त्यासाठीच, तरी मी हे वर ठळक लिहायला हवं होतं.

तळकोकण, तुमच्या आईबद्दल मला शंका नाही. पण ती ओळखते ती तिची वारुळं. वाळवी आपल्या घरात जी बुरशी पोसते, तिचीच ही अळंबी. त्यामुळे दरवर्षी जागा तीच. आईला उद्या मुळशीच्या गायरानात उभं केलं, तर ती काय म्हणेल? माझ्या अंदाजाने तेच: आपलं न्हय. आमच्या ग्रुपवर ‘बिनधास्त घ्या’ म्हणणारे चौघेही अशाच कुणा आईचे मुलगे होते. तिचा विश्वास त्यांनी उचलला, वारूळ गावीच राहिलं.

डोंगरधार, तुमची दुरुस्ती घेतो. विचारावं, पण ताटात घेण्यासाठी नाही.

रात्रपाळी:
+१. पहिल्यांदाच खात असाल तर ओळखीच्या घरातही थोडीच खा, नीट शिजवून. चांगली अळंबीही काहींना बाधते. लहान मुलांना नकोच.

तळकोकण:
तीन दिवसांनी लिहितोय. आईला फोनवर विचारलं. ती सरळ म्हणाली, परक्या गावच्या वारुळावरचं ती आणत नाही, माहेरीसुद्धा वहिनीला विचारूनच घेते. हे मला आजवर माहीत नव्हतं.

काल घरी पोचलो. तिने आणलेल्यांतल्या एकीचा काळ्या कागदावर ठसा घेतला, फिका गुलाबी आला. आई बराच वेळ तो कागद खिडकीशी धरून बघत होती. आमच्या गावात बंदी नको, यावर मी अजूनही ठाम आहे. पण उद्या पहाटे भाचीला घेऊन तिच्याबरोबर जातोय. तिची वारुळं किती आणि कुठे, हे आमच्यापैकी कोणीही कधी लिहून ठेवलेलं नाही.